सर्व्हरला स्वतःचं नाव माहीत नसतं

माझं संशोधन भूजलावर आहे, संगणकांवर नाही. तरीही पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातले जवळजवळ तीन आठवडे मी एका लिंकच्या मागे घालवले. त्या तीन आठवड्यांत जे शिकले ते आज लिहिते आहे, कारण डेटा गोळा करून तो इंटरनेटवर मांडणाऱ्या कुठल्याही विभागात हाच घोटाळा होऊ शकतो. आणि तो होतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला पत्ताच नसतो, कारण आपल्याकडे सगळं व्यवस्थित चाललेलं असतं.

आधी घडलं काय ते सांगते. आम्ही काही गावांतल्या विहिरींत पाण्याची पातळी नोंदवणारे सेन्सर बसवले आहेत. नोंदी आमच्या प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर येतात. सेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक गावात एक जण आठवड्यातून दोनदा टेप सोडून पातळी मोजतो आणि कळवतो. त्या बदल्यात आम्ही त्याला रोज सकाळी एक मेसेज पाठवतो. त्यात त्याच्या विहिरीच्या आलेखाची लिंक असते.

एका गावातल्या शाळेचे गुरुजी हे काम बघायचे. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "ताई, मेसेज येतो तुमचा, पण लिंक दाबली की नुसतं गोल गोल फिरतं. उघडत काहीच नाही." मी प्रयोगशाळेत बसून तीच लिंक दाबली. एका सेकंदात आलेख समोर. मी म्हटलं, "गुरुजी, रेंजचा प्रॉब्लेम असेल." दोन दिवसांनी परत तोच फोन, परत तेच उत्तर. पुढे मी त्यांच्या शाळेत गेले, तेव्हा त्यांच्याच फोनवर व्हिडिओ छान चालत होता आणि आमची लिंक मात्र फिरत होती. माझ्या फोनवरही तेच. मग मी पहिल्यांदा ती लिंक दाबायच्या ऐवजी वाचली:

एचटीटीपी://१९२.१६८.१.२०:८०८०/विहिरी/१७

(पत्ते इथे देवनागरीत लिहिते आहे. ब्राउझरमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत असतात.)

ज्यांना यातलं कळतं त्यांना एव्हाना हसू आलं असेल. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी पुढचा लेख.

इंटरकॉमचा नंबर

तुमच्या ऑफिसात इंटरकॉम असेल. आमच्या विभागात आहे. प्रयोगशाळेचा नंबर २१४. विभागातल्या कुणीही २१४ फिरवलं की आमचा फोन वाजतो. पण मी उद्या तुम्हाला म्हटलं, "काही लागलं तर २१४ वर फोन करा," तर काय होईल? घरून केलात तर लागणारच नाही. तुमच्या ऑफिसातून केलात तर तुमच्याच ऑफिसातला २१४ वाजेल आणि भलताच माणूस फोन उचलेल.

१९२.१६८.१.२० हा असाच इंटरकॉमचा नंबर आहे.

हे असं का केलं गेलं? इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता लागतो. जुन्या, अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा आहे, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. हे पुरणार नाहीत, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. मग १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात तीन पट्टे खासगी वापरासाठी पक्के केले गेले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कुणीही, कुठेही, कुणालाही न विचारता आपापल्या जाळ्यात वापरावेत. अट एवढीच की ते बाहेर चालणार नाहीत. म्हणूनच माझ्या प्रयोगशाळेतल्या सर्व्हरचा जो पत्ता आहे, तोच तुमच्या घरातल्या प्रिंटरचाही असू शकतो.

मग आतल्या यंत्राचं बाहेरच्या जगाशी बोलणं कसं होतं? मध्ये ऑपरेटर बसलेला असतो. या ऑपरेटरच्या कामाला नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात नॅट म्हणतात. त्याचं वर्णन १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये आलं. तुमच्या घरातला वायफाय राउटर हेच काम करतो. बाहेर सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो, आणि कुठलं पाकीट आत कुणाला द्यायचं हे राउटर लक्षात ठेवतो.

आमच्या विभागाच्या राउटरवर त्यासाठी एक नियम लिहिलेला होता: बाहेरून ८० नंबरच्या पोर्टवर जे काही येईल ते आत १९२.१६८.१.२० च्या ८०८० पोर्टवर पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे दार, असं समजा. बाहेरून आलेला माणूस ८० नंबरच्या दारातून शिरतो, आत त्याला ८०८० च्या दारापाशी सोडलं जातं. त्याला मधला प्रवास कळत नाही.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. राउटर लिफाफ्यावरचा पत्ता बदलतो. आतलं पत्र वाचत नाही. उत्तर बाहेर जाताना लिफाफ्यावर "प्रेषक" म्हणून बाहेरचा पत्ता नीट लिहिला जातो. पण पत्रातच जर मी लिहिलं असेल की "जास्त माहितीसाठी २१४ वर फोन करा", तर ते वाक्य जसंच्या तसं वाचणाऱ्यापर्यंत पोचतं. चुकीच्या लिंकचं दुखणं नेमकं इथे असतं. लिंक लिफाफ्यावर नसते, पत्रात असते.

सर्व्हरला आपलं नाव कुठून कळतं?

तुम्ही म्हणाल, मग सर्व्हरने पत्रात आपलं बाहेरचं नाव लिहावं की! अडचण ही, की त्याला ते माहीतच नसतं. त्याला त्याचं यंत्र माहीत असतं, यंत्राचा आतला पत्ता माहीत असतं आणि आपण कुठल्या दारावर बसलोय ते माहीत असतं. बाहेर लोक आपल्याला कुठल्या नावाने ओळखतात हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

हे सांगण्याची एक सोय आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात ब्राउझर सर्व्हरला फक्त "अमुक पान दे" एवढंच म्हणायचा. कुणाकडे मागतोय ते नाव सांगायचा नाही. १९९७ साली एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती आली आणि तिने "होस्ट" नावाची ओळ सक्तीची केली. तेव्हापासून प्रत्येक विनंतीत ब्राउझर सांगतो, "मला भूजल.उदाहरण या नावाच्या ठिकाणचं, विहिरी/१७ हे पान हवं." ही ओळ पत्राच्या आत असते, त्यामुळे साधा राउटर तिला हात लावत नाही. सर्व्हरने ही ओळ वाचली, तर पाहुण्याने आपल्याला कुठल्या नावाने हाक मारली ते त्याला कळतं आणि लिंकमध्ये तेच नाव घालता येतं.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. ही ओळ उपयोगी पडते ती कुणी हाक मारली तरच. आमचा सकाळचा मेसेज तयार करणारा प्रोग्राम पहाटे चार वाजता आपला आपण सुरू व्हायचा. त्या वेळी कुणी पान मागितलेलं नसतं, म्हणजे होस्टची ओळ नसते. मग प्रोग्रामने काय केलं? यंत्राला विचारलं, "तुझा पत्ता काय?" यंत्र म्हणालं, १९२.१६८.१.२०. "आणि दार?" ८०८०. झालं, लिंक तयार. तो प्रोग्राम मीच लिहिला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला द्यायची सोय नाही.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसांचं होतं असं समजू नका. नेक्स्टक्लाउड या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये केवळ याच कारणासाठी एक वेगळी सेटिंग आहे. पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांनी लिंक बनवताना कुठलं नाव वापरायचं ते तिथे हाताने लिहावं लागतं. तुमच्याकडे वेबसाइटवरच्या लिंक बरोबर आणि ईमेलमधल्या चूक असतील, तर सगळ्यात आधी हे तपासा.

पत्त्याचे चार तुकडे

वरची लिंक परत बघा. तिचे चार तुकडे पडतात: पद्धत (एचटीटीपी की एचटीटीपीएस), नाव, पोर्ट, आणि पुढचा मार्ग. चारही तुकडे वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. म्हणून "लिंक चालत नाही" असं म्हणून थांबू नका. कुठला तुकडा चुकलाय ते बघा. त्यावरून अर्धं निदान तिथेच होतं.

पहिला तुकडा चुकला तो नावाचा. तो मी दुरुस्त केला, प्रोग्राममध्ये बाहेरचं नाव सरळ लिहून टाकलं. गुरुजींचा फोन आला, "उघडलं ताई!" पण दुसऱ्याच दिवशी: "आलेख दिसतो, पण वर 'सगळ्या विहिरी' दाबलं की परत फिरतं."

त्या बटणाची लिंक होती भूजल.उदाहरण/विहिरी. नाव बरोबर, पोर्ट नाही, सगळं ठीक. तरी दाबल्यावर ब्राउझर पोचायचा भूजल.उदाहरण:८०८०/विहिरी/ या पत्त्यावर. शेवटी एक तिरकी रेघ वाढली आणि मध्ये ८०८० घुसला. हे कुणी केलं?

आमचं पान एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर देतो. "विहिरी" हा एक फोल्डर आहे, आणि फोल्डरचं नाव शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय मागितलं तर एनजिनएक्स म्हणतो, "असं नाही, शेवटी रेघ देऊन परत ये," आणि नवा पत्ता लिहून देतो. या परत पाठवण्याला रीडायरेक्ट म्हणतात. तो पत्ता उत्तराच्या "लोकेशन" नावाच्या ओळीत असतो. एनजिनएक्स नाव होस्टच्या ओळीतून घेतो, ते बरोबर असतं. पण पोर्ट मात्र स्वतः ज्या दारावर बसलाय तो घालतो. आत तो ८०८० वर होता. बाहेरून ८०८० चं दार बंदच होतं, उघडं होतं ते ८०. म्हणून पाहुणा बंद दारापाशी उभा राहायचा. आम्ही प्रयोगशाळेत नेहमी आतला पत्ता ८०८० सकट वापरायचो, त्यामुळे आम्हाला हे कधी दिसलंच नाही. यावर एका ओळीचा उपाय आहे: रीडायरेक्टमध्ये पोर्ट घालू नकोस असं एनजिनएक्सला सांगणारी सेटिंग. ती बंद केली. शिवाय बटणाच्या लिंकमध्ये शेवटची रेघही दिली.

तिसरा तुकडा पद्धतीचा. आम्हाला वाटलं आता संपलं, तेवढ्यात विद्यापीठाच्या सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपवाल्या पद्धतीवर नेण्याचं ठरलं. त्यासाठी सगळ्यांच्या पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवला गेला. बाहेरचा माणूस प्रॉक्सीशी कुलूप लावून बोलतो. प्रॉक्सी कुलूप उघडतो आणि आत आमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो. ही पद्धत अगदी सर्रास वापरली जाते, चुकीची नाही. पण आमच्या प्रोग्रामला मी शिकवून ठेवलं होतं, "कुणी साध्या एचटीटीपीने आलं तर त्याला एचटीटीपीएसवर पाठव." आता बघा काय झालं. पाहुणा एचटीटीपीएसने आला. प्रॉक्सीने आत एचटीटीपीने विचारलं. आमचा सर्व्हर म्हणाला, "एचटीटीपीएसने या." पाहुणा परत एचटीटीपीएसनेच आला, प्रॉक्सीने परत एचटीटीपीने विचारलं. असं वीसेक वेळा झालं की ब्राउझर कंटाळून सांगतो, फार वेळा रीडायरेक्ट झालं. आमच्या सर्व्हरचं चुकलं नव्हतं. प्रॉक्सीचंही नाही. मधला निरोप पोचला नव्हता, एवढंच.

रिव्हर्स प्रॉक्सी साध्या राउटरसारखा नसतो. तो पत्र उघडतो, वाचतो आणि स्वतःच्या हस्ताक्षरात नवं पत्र लिहून आत पाठवतो. त्यामुळे होस्टची ओळही बदलू शकते. एनजिनएक्स आणि अपाची, दोघेही प्रॉक्सी म्हणून वापरताना काही सांगितलं नाही तर पाहुण्याने घेतलेलं नाव आत पाठवत नाहीत, आतल्या सर्व्हरचा पत्ताच पाठवतात. आमच्या ऑपरेटरसारखं. बाहेरचा माणूस म्हणतो "भूजल प्रयोगशाळा द्या", आणि ऑपरेटर आम्हाला म्हणतो "दोनशे चौदा, फोन घ्या".

चौथा तुकडा मार्गाचा. आमच्या बाबतीत तो चुकला नाही, पण शेजारच्या प्रयोगशाळेत चुकला. त्यांची साइट बाहेर एका मोठ्या नावाखाली, .../हवामान/ अशा उपमार्गावर दिसते, आणि आतला सर्व्हर मात्र समजतो की आपण मुळाशीच आहोत. मग तो लिंक देतो "/आलेख", आणि पाहुणा जातो मोठ्या साइटच्या मुळाशी, जिथे "आलेख" नावाचं काही नाही. अशा वेळी सर्व्हरला त्याचा उपमार्ग सांगावा लागतो. ज्युपिटर नोटबुक प्रॉक्सीमागे चालवणाऱ्यांना "बेस यूआरएल" ही सेटिंग याचसाठी भरावी लागते.

तपासायचं कसं?

माझ्या तीन आठवड्यांतून निघालेला क्रम देते. याच क्रमाने गेलात तर तुमचं काम एका दुपारीत होईल.

पहिलं, बाहेर जा. फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर लिंक उघडा. शक्यतो खासगी विंडोत. हे एक काम मी पहिल्या फोनच्या वेळी केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसरं, लिंक दाबू नका, वाचा. दाबण्याआधी काय लिहिलंय आणि दाबल्यानंतर ब्राउझरच्या पट्टीत काय दिसतं, दोन्ही लिहून घ्या. दाबण्याआधीच चूक असेल तर ती पानात आहे. दाबल्यावर चूक झाली तर ती रीडायरेक्टमध्ये आहे.

तिसरं, रीडायरेक्ट उघडे पाडा. "कर्ल" नावाची आज्ञा असते. तिला फक्त हेडर दाखवायला सांगितलं की ती सर्व्हरचं उत्तर दाखवते आणि पुढच्या पत्त्यावर आपण होऊन जात नाही. त्यातली "लोकेशन"ची ओळ बघा.

चौथं, एकेक थर सोलून बघा. तीच विनंती आधी थेट आतल्या सर्व्हरला करा, मग प्रॉक्सीतून, मग बाहेरून. कर्लमध्ये होस्टची ओळ आपल्या हाताने लिहिता येते, त्यामुळे आत बसूनही बाहेरच्या नावाने हाक मारता येते. ज्या थरावर उत्तर बदलतं तिथे दोष आहे.

पाचवं, सर्व्हरला काय ऐकू येतंय ते त्यालाच विचारा. आलेल्या विनंतीतल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा दाखवणारं एक छोटं पान तात्पुरतं तयार करा. आमची रीडायरेक्टची साखळी या पानाने पाच मिनिटांत उलगडली. नंतर ते पान काढून टाकायला विसरू नका.

दोन सापळे सांगून ठेवते. ३०१ क्रमांकाचा रीडायरेक्ट "कायमचा" समजला जातो आणि ब्राउझर तो लक्षात ठेवतो. म्हणून दुरुस्तीनंतरही एखाद्याच माणसाकडे जुनी चूक दिसत राहते. त्याला खासगी विंडोत उघडायला सांगा. चाचणी चालू असताना ३०२, म्हणजे तात्पुरता, वापरा. दुसरा सापळा उलटा आहे: बाहेर चालतं आणि आत चालत नाही. आतल्या माणसाने बाहेरचं नाव वापरलं तर त्याचं पाकीट राउटरपर्यंत जाऊन परत आत वळायला हवं. या वळणाला हेअरपिन म्हणतात आणि काही राउटरना ते जमत नाही. तिथे आतल्या लोकांसाठी त्याच नावाला आतला पत्ता देणारी डीएनएसची वेगळी नोंद ठेवतात.

दुरुस्ती कुठे करायची?

शक्य तितक्या आत. साइटच्या आतल्या आत जाणाऱ्या लिंकमध्ये नाव घालूच नका, फक्त मार्ग लिहा. नाव, पोर्ट, पद्धत हे तिन्ही तुकडे ब्राउझर चालू पानावरून घेतो. जे लिहिलंच नाही ते चुकणार नाही.

पण मेसेज, ईमेल, पीडीएफ, क्यूआर कोड यांत पूर्ण पत्ता लागतोच. त्यासाठी बाहेरचं नाव एकाच ठिकाणी, सेटिंगमध्ये लिहा आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यावं. वर्डप्रेसमध्ये असे दोन पत्ते डेटाबेसमध्ये ठेवलेले असतात. शिवाय जुन्या लेखांतल्या लिंकही तिथे पूर्ण पत्त्यासकट साठलेल्या असतात. त्या बदलताना सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. काही नोंदींत मजकुराबरोबर त्याची लांबीही लिहिलेली असते, आणि मजकूर बदलून लांबी तशीच राहिली की ती नोंद वाचता येत नाही. वर्डप्रेसच्या आज्ञावलीतलं साधन हे सांभाळतं, ते वापरा.

प्रॉक्सी असेल तर त्याला मूळ निरोप आत पोचवायला सांगा. त्यासाठी "एक्स-फॉरवर्डेड-होस्ट" आणि "एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो" अशा ओळी रूढ आहेत. २०१४ च्या आरएफसी ७२३९ मध्ये "फॉरवर्डेड" नावाची एकच प्रमाण ओळही ठरवून दिली आहे. आमच्या प्रॉक्सीने "मूळ पाहुणा एचटीटीपीएसने आलाय" हे सांगायला सुरुवात केली आणि साखळी तुटली.

इथे एक धोका आहे, तो टाळू नका. या ओळी कुणीही लिहू शकतं. समजा तुमची साइट होस्टच्या ओळीवर आंधळा विश्वास ठेवते. एखाद्या भामट्याने तुमच्या खात्यासाठी "पासवर्ड विसरलो" दाबलं आणि विनंतीत होस्ट म्हणून स्वतःच्या साइटचं नाव घातलं, तर तुम्हाला येणारा ईमेल खरा असेल, पण त्यातली लिंक भामट्याच्या दारात नेईल आणि पासवर्डची किल्ली त्याच्या हाती पडेल. म्हणून दोन नियम. आपली मान्य नावं आधीच लिहून ठेवा आणि बाकी सगळी नाकारा. जँगोमध्ये त्यासाठीच मान्य होस्टची यादी द्यावी लागते. आणि फॉरवर्डेडच्या ओळी फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आल्या तरच माना. बाहेरून आलेल्या तशा ओळी प्रॉक्सीने पुसून स्वतःच्या लिहाव्यात.

सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे प्रॉक्सीलाच पानातल्या लिंक बदलायला लावणं. अपाचीची नेहमीची उलट-नकाशाची सोय फक्त लोकेशनसारख्या हेडरच्या ओळी सुधारते, पानाच्या मजकुराला हात लावत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. मजकूर बदलणारी वेगळी साधनं आहेत, पण पान दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून आलं तर त्यांना आतलं वाचता येत नाही. आतल्या सॉफ्टवेअरला हात लावायची मुभाच नसेल तेव्हाच या वाटेला जा.

"आमच्याकडे तर चालतं"

शोधनिबंधांतल्या लिंक कालांतराने मरतात हे आपल्याला माहीत आहे. मार्टिन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लाखो शोधनिबंध तपासून दाखवलं होतं की पाचातल्या एका निबंधाला ही कीड लागलेली आहे. पण त्या लिंक निदान कधीतरी जिवंत होत्या. आमची लिंक जन्मापासूनच बाहेरच्यासाठी मेलेली होती आणि आतल्या आम्हाला ठणठणीत दिसत होती. परीक्षकांना पाठवायच्या प्रबंधाच्या परिशिष्टातही मी तीच १९२.१६८ वाली लिंक टाकली होती. ती वेळेत सापडली, हे नशीब.

सगळं मात्र वेळेत सापडलं नाही. दोन गावांनी एप्रिलमध्येच टेप सोडणं बंद केलं होतं. मी विचारलं तेव्हा एक जण सरळ म्हणाला, "आलेख दिसत नाही, आम्ही मोजतो ते कुठे जातं कळत नाही, मग उन्हात कशाला जायचं?" त्याचं काय चुकलं? ऐन उन्हाळ्यातले, पाणी सगळ्यात खोल गेलेले ते सोळा दिवस त्या दोन विहिरींच्या आलेखात मोकळे आहेत. गेलेली पातळी आता कुणालाच मोजता येणार नाही.

गुरुजींनी मात्र मोजणं सोडलं नव्हतं. लिंक उघडत नाही म्हणून ते वहीत लिहून ठेवत होते. ती वही आता माझ्या टेबलावर आहे. आणि आमच्या प्रयोगशाळेत एक नवा नियम आहे: कुठलीही लिंक बाहेर पाठवण्याआधी कुणीतरी वायफाय बंद करून, गेटबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन ती उघडून बघायची. चहाचे पैसे प्रयोगशाळा देते.